पंधराव्या हमालाची पाटी

पुण्याच्या मंडईत कोबी घेताना मी भाजीवाल्या मावशींना एकच सांगते, "वरची पानं काढू नका." परवा त्या म्हणाल्या, "राहू दे की, पण वजनात धरीन हं!" धरा म्हटलं. खरी गंमत त्या राठ, निळसर पानांतच आहे.

त्यांच्यावर पाणी शिंपडलं तर पसरत नाही. थेंबांच्या गोळ्या होतात आणि पाऱ्यासारख्या घरंगळत खाली! आता पानावर अंगठा घासा. पांढुरकी भुकटी निघते, पान हिरवंगार चकचकीत दिसतं आणि तिथे मात्र पाणी चिकटून बसतं. ही भुकटी म्हणजे मेण. कोबीनं स्वतः बनवलेलं.

त्या मेणात नोनाकोसेन नावाचं अल्केन भरपूर असतं. (नाव विसरलात तरी रागावणार नाही.) असं समजा, मंडईच्या अष्टकोनी मनोऱ्याखाली 29 हमाल हात धरून रांगेत उभे आहेत. प्रत्येकाला चार हात! दोन हात शेजाऱ्यांना धरायला, उरलेल्या दोन हातांत एकेक पाटी. टोकाच्या दोघांना शेजारी एकच, म्हणून त्यांच्याकडे तीन-तीन पाट्या. मोजा बरं. झाल्या ना 60? हमाल म्हणजे कार्बन, पाटी म्हणजे हायड्रोजन.

आणि हे हमाल पाटी सोडायला मुळीच तयार नसतात. आम्लं ओतली तरी बहुतेक वेळा ढिम्म! म्हणून तर 1830 साली रायखेनबाख या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं अशा मेणाला 'पॅराफिन' म्हटलं. लॅटिनमधून घेतलेल्या या नावाचा अर्थ, फारशी सलगी न करणारं. आग लावली तर पाट्या सुटतात, पण मग सगळ्याच सुटतात आणि रांगही मोडते. जळत्या मेणबत्तीत तेच चाललेलं असतं. अवघड आहे ते 60 मधली एकच पाटी सोडवणं, बाकीच्या 59 ना धक्का न लावता.

कोबी ते बिनबोभाट करतो. त्याच्या मेणात असेही रेणू सापडतात, ज्यांच्या पंधराव्या कार्बनवर ऑक्सिजन बसलेला असतो. पंधरावा म्हणजे बरोबर मधला, कुठल्याही टोकाकडून मोजा! कोबीच्याच कुळातल्या अ‍ॅराबिडॉप्सिस या इवल्या रोपात हे काम करणारं विकर 2007 साली ओळखलं गेलं. त्याच्या पोटात लोखंडाचा एक अणू, चार नायट्रोजनच्या चौकटीत बसवलेला. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्येही अशीच चौकट असते. हे लोखंड हवेतल्या ऑक्सिजनचा एक अणू धरून ठेवतं. तो अणू असा हावरा, की समोरच्या हमालाची पाटी हिसकावतो आणि त्या रिकाम्या हातात पाटीसकट स्वतःच जाऊन बसतो. लोखंड पुन्हा मोकळं, पुढच्या रांगेसाठी तयार! अशा मदतनिसाला उत्प्रेरक म्हणतात. (कधीमधी शेजारच्या चौदाव्याचीही पाटी निघते. चालायचंच, मंडईत गर्दी असते.)

ही युक्ती माणसांनाही हवी आहे. सीएनजी रिक्षात मुख्यतः मिथेन जळतो. मिथेन म्हणजे एकटाच हमाल, चारही हातांत पाट्या. हा वायू साठवणं त्रासाचं. पण एका पाटीजवळ ऑक्सिजन घुसवला तर होतं मिथेनॉल, कॅनमध्ये ओतता येणारा द्रव! कारखान्यात हे करायला आधी मिथेन 800 अंशांच्या आसपास तापवून त्याची मोडतोड करावी लागते, मग पुन्हा जुळवाजुळव.

थेट करता येईल का? 1997 साली आपल्या पुण्यातल्या पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या राजा आणि रत्नसामी या शास्त्रज्ञांनी त्यावर शोधनिबंध लिहिला. त्यांनी तांबं आणि लोखंड वापरलं, तेही चार नायट्रोजनच्या चौकटीत बसवून. त्या चौकटीचं नाव थॅलोसायनिन. छपाईच्या निळ्या शाईत तांब्याचं थॅलोसायनिनच असतं बरं का! ही चौकट त्यांनी झिओलाइट नावाच्या खनिजाच्या सूक्ष्म पिंजऱ्यांत कोंडली. पिंजऱ्याचं दार तिच्यापेक्षा लहान, त्यामुळे ती पळून जात नाही. झिओलाइट कारखान्यात बनवतात, पण निसर्गात बनलेलं पाहायचं असेल तर पुण्याजवळ वाघोलीच्या दगडखाणींतले स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत.

तरी मिथेनच्या बाबतीत कोबीइतकी सफाई अजून कुठल्याच कारखान्याला जमलेली नाही.

तुम्ही एक करा. कोबीचं वरचं पान मागून घ्या, अर्ध्या भागावर अंगठा फिरवा, अर्धा तसाच ठेवा आणि दोन्हीकडे पाण्याचे थेंब सोडा. मावशींनी वजनात धरलं तरी दोन-तीन रुपयांचाच प्रयोग आहे.