घरगुती तरणतलावातील दाबवर्धक पंप

अमेरिकेतील कॅलिफोर्निया, ॲरिझोना आणि फ्लोरिडा ह्यांसारख्या उष्ण हवामानाच्या राज्यांत घराच्या मागील अंगणात तरणतलाव असणे ही सामान्य गोष्ट आहे. अशा मध्यम आकाराच्या तलावात साठ-सत्तर हजार लिटर पाणी मावते. हे पाणी वारंवार बदलणे परवडण्यासारखे नसल्याने तेच पाणी गाळून आणि जंतुरहित करून पुन्हा वापरावे लागते. हे काम मुख्य पंप करतो. तो तलावातील पाणी ओढून घेतो, गाळणयंत्रातून ढकलतो आणि पुन्हा तलावात सोडतो. पुष्कळ ठिकाणी ह्या मोठ्या पंपाशेजारी साधारणतः पाऊण अश्वशक्तीचा एक लहान पंप बसविलेला आढळतो. हाच दाबवर्धक पंप, अर्थात व्यवहारातला 'बूस्टर पंप' होय.

मुख्य पंप पाणी भरपूर वाहतो, परंतु त्या पाण्याला दाब बेताचाच असतो. गाळण्याच्या कामी एवढा दाब पुरतो. तलावाच्या तळाशी बसलेली माती आणि पालापाचोळा उचलणाऱ्या स्वयंचलित सफाईयंत्राची गरज मात्र निराळी असते. दाबाच्या पाण्यावर चालणाऱ्या अशा यंत्रात पाणी एका लवचीक नळीवाटे शिरते. त्यातील काही पाण्याच्या जोरावर यंत्राची चाके फिरतात. उरलेले पाणी बारीक छिद्रांतून वेगाने वर उसळते. वेगवान प्रवाहाच्या ठिकाणी दाब कमी होतो, हे इटालियन शास्त्रज्ञ व्हेंचुरी ह्याने १७९७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखविले होते. त्याच नियमानुसार तळावरील कचरा ओढला जाऊन वरच्या पिशवीत जमा होतो. ह्या कामासाठी लागणारे पाणी थोडे, पण जोराचे असावे लागते. अमेरिकेत अशा पंपाची चाचणी मिनिटाला सुमारे ३८ लिटर प्रवाहावर घेतली जाते आणि त्या वेळी त्याने निदान १८ मीटर उंचीच्या जलस्तंभाइतका दाब द्यावा अशी अपेक्षा असते.

हा दाब कसा निर्माण होतो, हे समजून घेणे अवघड नाही. पंपाच्या पोटात पात्यांचे एक चक्र असते. ते वेगाने फिरू लागले की मध्यभागी आलेले पाणी कडेकडे फेकले जाते आणि त्याची गती पुढे दाबात रूपांतरित होते. दोन पंप शेजारी शेजारी जोडून त्यांची तोंडे एकाच नळात सोडली, तर प्रवाह वाढतो. एका पंपाचे पाणी दुसऱ्याच्या तोंडी दिले, तर दाबांची बेरीज होते. तलावावर ही दुसरी रचना वापरलेली असते. समजा, गाळून आलेल्या पाण्याला ६ मीटरचा दाब आहे आणि दाबवर्धक पंप त्यात २० मीटरची भर घालतो. तर सफाईयंत्राच्या नळीत २६ मीटरचा दाब मिळेल. गाळणयंत्र आणि तापक ह्यांच्या पुढे, परंतु क्लोरीन मिसळण्याच्या जागेच्या अलीकडे ह्या पंपाची जोडणी करतात. त्यामुळे त्याच्या वाट्याला कचरा येत नाही आणि तीव्र क्लोरीनही येत नाही.

ह्यावरून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. दाबवर्धक पंप आलेल्या पाण्याचा दाब वाढवितो. स्वतःसाठी पाणी मिळवून आणणे त्याच्या आवाक्याबाहेरचे असते. त्याच्या पोटात हवा भरली, तर चक्र तेवढ्याच वेगाने फिरूनही काही साधत नाही. हवा पाण्यापेक्षा सुमारे आठशे पटींनी हलकी असल्यामुळे २० मीटरच्या जागी जेमतेम २.५ सेंटिमीटर पाणी उचलण्याइतकीच ओढ निर्माण होते. शिवाय मोटरचा दांडा जेथून पंपात शिरतो, तेथे पाणी गळू नये म्हणून दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर घासत फिरत असतात. त्यांच्यामधील पाण्याचा पातळ थरच त्यांना वंगण आणि गारवा पुरवितो. पाणी नाहीसे झाले की चकत्या काही मिनिटांतच तापून खराब होतात. मग गळती सुरू होते आणि ते पाणी मोटरपर्यंत पोहोचते.

म्हणूनच दोन्ही पंपांची वेळ घड्याळी स्विचने बांधून दिलेली असावी. मुख्य पंप सुरू होऊन निदान अर्धा तास लोटल्यावर दाबवर्धक पंप सुरू व्हावा आणि मुख्य पंप थांबण्यापूर्वी अर्धा तास तो बंद व्हावा. दोघांचे स्विच अशा रीतीने जोडता येतात की मुख्य पंप बंद असताना दुसरा सुरूच होऊ नये. ही व्यवस्था अधिक भरवशाची होय.

अलीकडे वेग बदलता येणाऱ्या मुख्य पंपांमुळे ह्या विषयाला नवे वळण मिळाले आहे. पंपाचा वेग निम्मा केला की प्रवाह निम्मा, दाब एक-चतुर्थांश आणि लागणारी शक्ती सुमारे एक-अष्टमांश होते. विजेची ही बचत मोठी असल्याने पुष्कळ मालक मुख्य पंप दिवसभर मंद गतीने चालवितात. अमेरिकेत जुलै २०२१ पासून तलावांच्या दोन्ही प्रकारच्या पंपांना ऊर्जाबचतीचे मानकही लागू झाले आहे. परंतु मंद गतीत दाबवर्धक पंपाच्या तोंडाशी पुरेसे पाणी पोहोचेलच असे नाही. तेव्हा सफाईचे दोन-तीन तास मुख्य पंपाचा वेग वाढविणे इष्ट ठरते. पंपातून खडखडाट ऐकू येणे हे पाणी कमी पडत असल्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी अधिक शक्तीचा दाबवर्धक पंप आणल्यास अडचण वाढतेच. आधी गाळणयंत्र तुंबले आहे काय, पानांची टोपली भरली आहे काय आणि तलावातील पाण्याची पातळी उतरली आहे काय, हे पाहावे.

ज्यांच्या अंगणात तरणतलाव नाही, त्यांनाही हे तत्त्व उपयोगी आहे. भारतीय शहरांत काही घरांतून नगरपालिकेच्या नळालाच थेट पंप जोडला जातो. नळात येणारे पाणी मर्यादित असते. पंपामुळे ते वाढत नाही, शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी तेवढे ओढले जाते. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे नळातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहूनही खाली गेला, तर भेगांतून गटाराचे पाणी आत शोषले जाऊ शकते आणि रोगराई पसरू शकते. म्हणूनच अनेक शहरांच्या पाणीपुरवठा नियमांनी अशा जोडणीस मनाई केली आहे. नळाचे पाणी आपल्या दाबाने जमिनीतील टाकीत येऊ द्यावे आणि तेथून पंपाने गच्चीवर चढवावे, हा निर्धोक मार्ग होय. तलाव असो वा घर, दाबवर्धक पंप बसविण्यापूर्वी त्याच्या तोंडाशी किती पाणी येते आणि ते कोठून येते, ह्याची खात्री करून घेणे आवश्यक आहे.