लक्षाची पापणी

संगणकाच्या पडद्यावर, एकाच जागी, इंग्रजी अक्षरं भराभर येऊन जाताहेत. सेकंदाला दहा-अकरा. सगळी काळी, मधलं एकच पांढरं. पाहणाऱ्याला कामं दोनच: पांढरं अक्षर कोणतं ते ओळखायचं, आणि त्याच्यानंतर ‘एक्स’ येऊन गेला का ते सांगायचं.

पांढरं अक्षर बहुतेकांना बरोबर सांगता येतं. गंमत आहे ती ‘एक्स’ची. पांढऱ्या अक्षरानंतर साधारण १८० ते ४५० मिलिसेकंदांच्या पट्ट्यात तो आला, तर पाहणारा कितीतरी वेळा छातीठोकपणे सांगतो, ‘नव्हता.’ डोळे टक्क उघडे, नजर पडद्यावर खिळलेली, ‘एक्स’ नजरेच्या ऐन मध्यावर उमटून गेलेला, तरी नव्हता! तोच ‘एक्स’ आणखी थोडा उशिरा येऊ द्या, लगेच दिसतो.

कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठातल्या जेन रेमंड, किम्रॉन शपिरो आणि कॅरन आर्नेल यांनी १९९२ साली हे प्रयोग प्रसिद्ध केले आणि या प्रकाराला ‘अटेन्शनल ब्लिंक’ म्हटलं. डोळ्याची पापणी लवते तशी लक्षाचीही लवते, असा त्याचा अर्थ. डोनाल्ड आणि मार्गारेट ब्रॉडबेंट यांना असंच काहीसं १९८७ सालीच आढळलं होतं, पण बारसं कॅलगरीकरांनी केलं.

पहिली शंका अर्थातच डोळ्यावर. पांढऱ्या अक्षराने डोळे दिपत असतील, झालं! ही शंका त्यांनी मोठ्या साध्या युक्तीने निकालात काढली. तीच अक्षरं, तोच वेग, फक्त सूचना वेगळी: पांढऱ्याकडे दुर्लक्ष करा, ‘एक्स’ तेवढा शोधा. आता तो बहुतेक वेळा सापडू लागला. डोळा निर्दोष सुटला. पांढरं अक्षर नुसतं दिसल्याने काही बिघडत नाही, ते ओळखून लक्षात ठेवायचं ठरवलं की बिघडतं. शिवाय पांढऱ्याच्या लगेच पुढची जागा कोरी सोडली, तर चूक बरीच ओसरते.

मग हुकलेली गोष्ट जाते कुठे? १९९६ साली स्टीव्हन लक, एडवर्ड व्होगेल आणि शपिरो यांनी ‘नेचर’मध्ये याचं उत्तर दिलं, आणि माझ्या मते या सगळ्या कहाणीतला सर्वांत चकित करणारा भाग तोच. माणसाने एखादा शब्द वाचला आणि तो आधीच्या संदर्भाशी विसंगत निघाला, की सुमारे ४०० मिलिसेकंदांनी त्याच्या मेंदूच्या विद्युत आलेखात एक ठरावीक लहर उमटते. तिला ‘एन-४००’ म्हणतात. या तिघांनी आधी एक शब्द दाखवला, मग वेगवान प्रवाहात एक आकडा, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा शब्द, नेमका पापणी मिटलेल्या क्षणी. हा दुसरा शब्द पहिल्याशी जुळतो का, हे सांगताना लोक अडखळू लागले. पण डोक्याला लावलेले इलेक्ट्रोड वेगळंच सांगत होते: विसंगत शब्दाला ‘एन-४००’ लहर पूर्ण ताकदीने उमटत होती. म्हणजे शब्द वाचून झाला होता, अर्थ लागला होता, तो जुळत नाही हा निवाडाही झाला होता. एवढं सगळं होऊन निकाल मालकापर्यंत पोचला नाही. शब्दाऐवजी पाहणाऱ्याचं स्वतःचं नाव आलं, तर मात्र ते या मिटल्या पापणीतूनही बऱ्याचदा निसटून वर येतं.

बरीच वर्षं याचा खुलासा साधा होता. मेंदू एका वेळी एकच गोष्ट पक्की करतो, त्यात गुंतला असताना दुसरी आली की तिला जागा नसते. पण या खुलाशात एक खडा होता. ‘एक्स’ पांढऱ्याच्या अगदी लगेच पुढच्या जागी आला तर तो बऱ्यापैकी दिसतो. हुकतो तो त्यानंतरचा. पुढे २००५ साली व्हिन्सेंट दि लोलो आणि सहकाऱ्यांनी सलग तीन लक्ष्यं, म्हणजे ओळखायची अक्षरं, दाखवली, तर तिसरंही लोकांनी टिपलं. जागाच अपुरी असती तर तिसरं मावलं कसं?

सोसायटीच्या फाटकावरचा वॉचमन आठवा. अपेक्षित पाहुणा आला की तो फाटक उघडतो, पाहुण्याला चिकटून आलेलाही आत सरकतो, आणि मागे अनोळखी माणूस दिसताच फाटक धाडकन बंद होतं. सगळेच पाहुणे ओळखीचे असतील तर फाटक उघडंच राहतं. क्रिस्टियान ओलिव्हर्स आणि मार्टाइन मीटर यांनी २००८ साली मांडलेला सिद्धान्त साधारण असाच आहे. सर्वांना तो मान्य नाही, पण आपल्या लक्षाची ही चूक दुबळेपणातून नव्हे, जास्तीच्या दक्षतेतून होते, ही कल्पना मला तरी पटते.

तिला दुजोरा देणारे निकालही आहेत. २००५ साली ओलिव्हर्स आणि सँडर न्यूवेनहाउस यांना आढळलं की मागे संगीत चालू असताना लोक दुसरं लक्ष्य जास्त वेळा पकडतात. २००७ साली हेलीन स्लागटर, रिचर्ड डेव्हिडसन आणि सहकाऱ्यांनी तीन महिन्यांच्या विपश्यना शिबिराआधी आणि नंतर साधकांची परीक्षा घेतली. (इगतपुरीमुळे विपश्यना आपल्याकडे घरोघरी माहीत आहे, हे शिबिर मात्र अमेरिकेतलं.) शिबिरानंतर पापणी कमी मिटत होती, आणि पहिल्या लक्ष्यावर मेंदू कमी शक्ती खर्च करत होता. पहिल्याला घट्ट धरून न बसल्याने दुसऱ्याला वाट मिळाली.

यावरून लगेच रस्त्यावरच्या अपघातांचा खुलासा करायचा मोह होतो. तो आवरावा, रस्त्यावर काही सेकंदाला दहा अक्षरं धावत नाहीत. काही थोड्या माणसांत तर ही पापणी मिटतच नाही, असं सँडर मार्टेन्स आणि सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवलं. ही चाचणी घरच्या संगणकावरही करता येते. एकदा दात-ओठ खाऊन करा, मग गाणं लावून निवांत करा, आणि दोन्ही निकाल शेजारी ठेवून बघा.