माहितीची राखण, लेखांक ६ : स्टँडबाय डेटाबेस

स्टँडबाय डेटाबेस म्हणजे मुख्य डेटाबेसची दुसऱ्या सर्व्हरवर सतत अद्ययावत होत राहणारी प्रत. मुख्य सर्व्हर आगीत, पुरात किंवा डिस्क बिघडून गेला, तर काम तिच्यावरून पुढे चालते. पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीत बदल थेट प्रवाहाने पाठवण्याची सोय २०१० सालच्या ९.० आवृत्तीपासून आहे.

तिची रीत दुकानातल्या कीर्द-खतावणीची आहे. प्रत्येक बदल आधी कीर्दीत, म्हणजे ‘वॅल’ फाइलमध्ये, नोंदला जातो; खतावणीत, म्हणजे टेबलांच्या फाइलींत, तो सवडीने चढतो. मुख्य सर्व्हर ही कीर्द पाठवत राहतो आणि स्टँडबाय तिच्यावरून स्वतःची खतावणी भरतो.

उभारणी अवघड नाही. मुख्य सर्व्हरवर रेप्लिकेशनचा अधिकार असलेला वेगळा युजर करावा लागतो. मग स्टँडबायच्या रिकाम्या डेटा डिरेक्टरीत ‘पीजी_बेसबॅकअप’ने संपूर्ण प्रत उतरवली जाते. त्याला ‘-आर’ हा पर्याय दिला, की जोडणीचा तपशील आणि, १२व्या आवृत्तीपासून, ‘स्टँडबाय.सिग्नल’ ही रिकामी फाइल आपोआप तयार होते. सुरू होताना ही फाइल दिसली, की सर्व्हर लेखन न स्वीकारता कीर्द मागू लागतो.

स्टँडबाय मागे पडला आणि दरम्यान मुख्य सर्व्हरने जुनी कीर्द पुसली, तर प्रत पुन्हा पहिल्यापासून उतरवावी लागते. ते टाळायला ‘रेप्लिकेशन स्लॉट’ असतो; स्टँडबायला पोचेपर्यंत तो कीर्द पुसू देत नाही. पण बंद पडलेल्या स्टँडबायसाठी कीर्द साचत राहिली, तर मुख्य सर्व्हरचीच डिस्क भरते. १३व्या आवृत्तीपासून या साठ्याला मर्यादा घालता येते, ती घालावीच.

अंतराचा प्रश्न मात्र सेटिंगने सुटत नाही. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे हजार किलोमीटरवर जाऊन येण्यातच किमान १० मिलिसेकंद जातात. सिंक्रोनस पद्धतीत, म्हणजे स्टँडबायची पोच आल्यावरच व्यवहार पुरा धरण्याच्या पद्धतीत, प्रत्येक व्यवहार एवढा थांबतो, आणि एकमेव सिंक्रोनस स्टँडबाय बंद पडला तर व्यवहार अडकून राहतात. त्यामुळे दूरच्या शहरासाठी पोचेची वाट न पाहणारी असिंक्रोनस पद्धतच बरी. शेवटच्या काही क्षणांच्या नोंदी जाऊ शकतात, हे तिथे धरून चालावे.

स्टँडबाय म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून टेबल पुसले, तर ती चूकही कीर्दीतून क्षणात पलीकडे पोचते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत ताणामुळे रेप्लिकेशन तुटले. नवी प्रत उतरवण्यासाठी स्टँडबायची डिरेक्टरी रिकामी करताना आदेश मुख्य सर्व्हरवर चालला आणि सुमारे ३०० जीबी माहिती पुसली गेली. रोजचे बॅकअप आवृत्तीच्या तफावतीमुळे होतच नव्हते, आणि तशी सूचना देणारे ईमेलही नाकारले जात होते. सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेला स्नॅपशॉट होता, म्हणून बाकीचे वाचले.

मुख्य सर्व्हर गेल्यावर ‘पीजी_प्रमोट’ने स्टँडबाय मुख्य होतो. त्याआधी जुना सर्व्हर खरोखर बंद आहे याची खात्री करावी. दोन्हीकडे लेखन सुरू झाले, तर दोन कीर्दी जुळवणे जवळपास अशक्य.

स्टँडबायवर काम हलवण्याचा हा बदल सरावाशिवाय साधत नाही. २ मार्च २०२४ रोजी, शनिवारी, मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराने यासाठी खास सत्र ठेवले : सव्वानऊ ते दहा व्यवहार मुख्य केंद्रावरून झाले, साडेअकरा ते साडेबारा पर्यायी केंद्रावरून.