पुढच्या ब्रेकची भीती

महाराष्ट्रातून पाऊस परतू लागला की चेन्नईचा पावसाळा सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हे तिकडचे मुख्य पावसाचे महिने. रस्त्यावर साचलेली धूळ आणि वाहनांतून ठिबकलेले तेल पहिल्या सरींत भिजते, आणि अण्णा सालईसारखा रुंद डांबरी रस्ताही साबण फासल्यासारखा निसरडा होतो. अशा वेळी पुढची बस एकाएकी थांबली, तर मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराने कोणता ब्रेक दाबावा?

गाडी शिकताना आपल्यापैकी बहुतेकांना एक उपदेश मिळालेला असतो : "पुढचा ब्रेक लावू नकोस, गाडी घसरेल." माझ्या थोरल्या भावाने मलाही तो केला होता आणि मी तो कित्येक वर्षे निष्ठेने पाळला. उपदेश निराधार नव्हे, पण अर्धवट आहे.

बसने ब्रेक लावताच उभे प्रवासी पुढे झुकतात. मोटारसायकलीचेही तसेच होते. वेग कमी होताना तिचा भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचे चाक हलके होते. हलक्या चाकाची रस्त्यावरील पकड कमी. म्हणून गाडी थांबविण्याचे खरे काम पुढचा ब्रेकच करतो. समजा, दोन स्वार कोरड्या रस्त्यावरून ताशी 60 किलोमीटर वेगाने चालले आहेत. दोन्ही ब्रेक नीट वापरणारा स्वार ब्रेक लागल्यापासून सुमारे 20 मीटरांत थांबत असेल, तर केवळ मागच्या ब्रेकवर विसंबणाऱ्यास साधारण दुप्पट अंतर लागते. पहिला जेथे थांबला, त्या ठिकाणी दुसऱ्याचा वेग अजून ताशी 40 किलोमीटरच्या आसपास असतो. बस तेथेच उभी असेल तर काय होईल, हे सांगायला नको.

मग भीती कशाची? ब्रेक फार जोरात दाबला की चाक फिरायचे थांबते आणि नुसते घसरू लागते. मागचे चाक घसरले तर गाडी डोलते, पण बऱ्याचदा सावरता येते. पुढचे चाक जाम झाले, की गाडीला दिशा देणेच शक्य होत नाही. क्षणार्धात ती आडवी होते. त्यामुळे संकटात सापडलेला स्वार एक तर ब्रेक आवळून पडतो, नाही तर पडण्याच्या धास्तीने तो पुरेसा दाबतच नाही.

चाक जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा, म्हणजे एबीएस, नेमकी येथे उपयोगी पडते. चाकाजवळ खाचांची एक चकती आणि एक संवेदक असतो. चाकाचा वेग एकाएकी घटू लागला, की लहानसा संगणक झडपांच्या साहाय्याने ब्रेकच्या तेलाचा दाब कमी करतो. चाक फिरू लागताच दाब पुन्हा वाढवितो. हे एका सेकंदात अनेकदा घडते. निष्णात चालक कोरड्या रस्त्यावर तिच्याविनाही तितक्याच अंतरात थांबू शकेल. पण भेदरलेला माणूस निष्णात राहत नाही.

बीएमडब्ल्यू कंपनीने 1988 साली मोटारसायकलीला ही यंत्रणा बसविली, तेव्हा तिचे वजन सुमारे 11 किलोग्रॅम होते. आता ते एका किलोग्रॅमच्याही आत आले आहे. चेन्नईतील टीव्हीएस कंपनीने 2011 मध्ये आपल्या अपाचे गाडीवर ती दिली. त्याच शहरात 1955 पासून जिची बुलेट तयार होत आली, त्या रॉयल एन्फील्डच्या क्लासिक गाडीवर ती 2018 मध्ये आली. एप्रिल 2019 पासून 125 घनसेंटिमीटरहून मोठ्या इंजिनाच्या सर्व नव्या दुचाकींना ती सक्तीची झाली.

लहान गाड्यांना मात्र जोडब्रेक पुरेसा मानला गेला. त्यात एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो. चाक जाम होणे त्याने टळत नाही. कामावर जाणारे, डबे पोहोचविणारे, मुलांना शाळेत सोडणारे लोक बहुधा याच गाड्या वापरतात. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे दगावली. त्यांतील 44 टक्क्यांहून अधिक दुचाकीवर होती. सरकारने 2025 मध्ये लहान दुचाकींनाही एबीएस सक्तीची करण्याचा मसुदा काढला, तेव्हा किंमत काही हजारांनी वाढेल अशी तक्रार झाली. हप्त्यावर गाडी घेणाऱ्याला ती रक्कम जड जाते, हे खरेच. तरीही आरसे, रंग आणि चकचकीत चाकांवर खर्च करण्याआधी ती येथे घालावी, असे मला वाटते.

अर्थात, या यंत्रणेची मर्यादा ओळखली पाहिजे. सुट्या वाळूवर किंवा खडीवर तिच्यामुळे थांबण्याचे अंतर उलट वाढू शकते. वळणावर गाडी फार कललेली असताना साधी एबीएस घसरणे रोखीलच असे नाही. झिजलेल्या टायरला ती पकड देऊ शकत नाही. शिवाय अनेक गाड्यांत ती केवळ पुढच्या चाकास असते.

जुनी गाडी घेताना तपासणी सोपी आहे. चावी फिरविल्यावर एबीएसचा दिवा लागतो आणि गाडी थोडी पुढे जाताच विझतो. तो लागलाच नाही, किंवा विझलाच नाही, तर यंत्रणेत बिघाड असण्याची शक्यता आहे. मग गाडीचे ब्रेक सामान्यतः साध्या ब्रेकसारखे चालतात, आणि दुरुस्तीचा खर्च विचारूनच किंमत ठरवावी.