हातचा पुढे नेणारी चाकं

बारामती-इंदापुरात सगळ्यांच्या ओळखीचं गणित घेऊ. ३९ टन ऊस, दर समजा टनाला ३,१५० रुपये, बिल किती? विजेशिवाय, नुसत्या दातेरी चाकांवर हे उत्तर काढणारी यंत्रं एकेकाळी आपल्या बँकांत, विमा कार्यालयांत आणि संख्याशास्त्राच्या प्रयोगशाळांत होती. त्यांतलं स्वीडनचं ‘फॅसिट’ जुन्या मंडळींना आजही आठवतं.

या जातीच्या यंत्रांचा पाया सेंट पीटर्सबर्गमध्ये राहणाऱ्या ओडनर या स्वीडिश अभियंत्यानं १८७०च्या दशकात घातला. प्रत्येक घरासाठी एक चकती, तिच्यात आतबाहेर सरकणारे नऊ दात. खटका ५ वर आणला की पाच दात बाहेर येतात. हँडलचा एक फेरा मारला की ते उत्तराच्या चाकाला पाच घरं पुढे ढकलतात.

खरी अडचण हातच्याची. ९९,९९९ मध्ये १ मिळवला की पाची चाकांवरून हातचा पुढे जायला हवा. सगळी चाकं एकदम ढकलायची तर जोर फार लागतो. फ्रेंच गणितज्ञ पास्कालनं १६४२ मध्ये हाती घेतलेल्या यंत्रात त्यासाठी स्वतःच्या वजनानं खाली पडणारी कळ बसवली. युक्ती सुंदर, पण त्यामुळे चाकं उलटी फिरेनात. ओडनरच्या यंत्रात चाक ९ वरून ० वर आलं की एक छोटी कळ सरकते आणि शेजारच्या चकतीवरचा जादा दात कामाला लागतो. हे जादा दात थोडे थोडे मागेपुढे बसवलेले असतात, म्हणून हातचे उजवीकडून डावीकडे एकामागून एक जातात. मला या यंत्रातली सर्वांत मोठी बुद्धी इथेच दिसते.

आता आपलं बिल. खटक्यांवर ३१५० लावा. ३९ म्हणजे ४० उणे १. कॅरेज, म्हणजे उत्तराची चाकं असलेला सरकता भाग, एक घर उजवीकडे सरकवून चार फेरे मारा : १,२६,०००. कॅरेज परत आणून एक फेरा उलटा : १,२२,८५०. सरळ गेलात तर बारा फेरे, असे पाचच. सराईत कारकून असेच वाचवत.

भागाकार म्हणजे उलटे फेरे. बाकी शून्याखाली गेली की घंटी वाजते. एक फेरा सुलटा मारून चूक भरून काढायची, कॅरेज सरकवायची, पुन्हा सुरू.

१९७०च्या दशकात इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटर स्वस्त झाले आणि ही यंत्रं अडगळीत, मग भंगारात गेली. एखादं हाती लागलंच तर अडकलेलं हँडल जोर लावून फिरवू नका. बहुधा जुनं तेल चिकट होऊन गोठलेलं असतं. ते साफ करून हलकं तेल द्या आणि अर्धवट राहिलेला फेरा सावकाश पूर्ण करा. दात तुटलाच असेल, तर बारामती एमआयडीसीसारख्या वसाहतीतल्या टूलरूममध्ये नमुना दाखवून तो बनवून घेता येतो. यंत्र किलोच्या भावानं देण्याआधी एवढं जरूर करून पाहा.