प्रस्ताव २८ (कॅलिफोर्निया)

प्रस्ताव २८ हा अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मतदारांनी ८ नोव्हेंबर २०२२ रोजी मंजूर केलेला कायदा आहे. या कायद्यान्वये राज्यातील सार्वजनिक शाळांना कला व संगीत शिक्षणासाठी दरवर्षी स्वतंत्र अनुदान मिळते. सुमारे ६४ टक्के मतदारांनी प्रस्तावाच्या बाजूने कौल दिला. अनुदानाचे वाटप २०२३-२४ या वर्षापासून सुरू झाले. पहिल्या वर्षी सुमारे ९३.८ कोटी डॉलर उपलब्ध झाले.

पार्श्वभूमी

१९७८ मध्ये संमत झालेल्या प्रस्ताव १३ने मालमत्ता करावर मर्यादा घातली. त्यामुळे शाळांचे स्थानिक उत्पन्न घटले आणि त्या राज्याच्या तिजोरीवर अधिक अवलंबून राहू लागल्या. काटकसरीच्या काळात कला व संगीत या विषयांना अनेकदा प्रथम कात्री लागली. १९८८ च्या प्रस्ताव ९८ने शाळा व सामुदायिक महाविद्यालयांना किमान निधीची हमी दिली. मात्र त्यातील किती रक्कम कलाशिक्षणावर खर्च करावी, हे ठरवून दिले नाही. राज्याच्या शिक्षण संहितेत कलाविषयांचा समावेश असूनही प्रत्यक्षात अनेक शाळांत शिक्षक नव्हते. लॉस एंजेलस शाळा जिल्ह्याचे माजी अधीक्षक ऑस्टिन ब्यूटनर यांनी प्रस्ताव २८ साठी पुढाकार घेतला.

निधीची रचना

प्रस्ताव ९८ नुसार मागील वर्षी शाळांना मिळालेल्या निधीच्या १ टक्का इतकी रक्कम या अनुदानासाठी दिली जाते. ही रक्कम किमान हमीव्यतिरिक्त असते. त्यासाठी नवा कर बसवलेला नाही. ती राज्याच्या सर्वसाधारण निधीतून येते.

एकूण रकमेपैकी ७० टक्के भाग विद्यार्थिसंख्येच्या प्रमाणात वाटला जातो, तर ३० टक्के भाग आर्थिकदृष्ट्या वंचित विद्यार्थ्यांच्या संख्येच्या प्रमाणात. त्यामुळे समान पटसंख्येच्या दोन शाळांपैकी जिथे गरीब विद्यार्थी अधिक, तिला जास्त अनुदान मिळते.

खर्चाचे नियम

५०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शाळा जिल्ह्यांनी किमान ८० टक्के रक्कम कलाशिक्षक व साहाय्यकांच्या नेमणुकीवर खर्च करावी लागते. उर्वरित रक्कम प्रशिक्षण, साहित्य आणि कलासंस्थांच्या सहकार्याने चालणाऱ्या उपक्रमांसाठी वापरता येते. प्रशासकीय खर्चावर १ टक्क्याची मर्यादा आहे. सबळ कारण असल्यास राज्याचा शिक्षण विभाग ८० टक्क्यांच्या अटीतून सूट देऊ शकतो. अनुदान तीन वर्षांच्या आत खर्च करणे बंधनकारक असून विनियोगाचा वार्षिक अहवाल जाहीर करावा लागतो. नृत्य, नाट्य, संगीत, चित्र-शिल्पादी दृश्यकला आणि माध्यमकला यांचा या कायद्यात समावेश होतो.

भर की पर्याय?

हे अनुदान विद्यमान खर्चात भर घालण्यासाठी आहे, त्याची जागा घेण्यासाठी नाही, ही कायद्यातील कळीची अट होय. एखाद्या शाळेत आधीपासून असलेल्या संगीत शिक्षकाचे वेतन या अनुदानातून देऊन वाचलेली रक्कम अन्यत्र वळवल्यास कागदोपत्री अनुदान कलेवर खर्च झालेले दिसते. विद्यार्थ्यांना मात्र नवीन काहीच मिळत नाही. त्यामुळे केवळ अनुदानाचा हिशेब पुरेसा ठरत नाही. शाळा जिल्ह्याचा कलाशिक्षणावरील एकूण खर्च पूर्वीच्या तुलनेत वाढला का, हे तपासावे लागते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये काही विद्यार्थ्यांचे पालक आणि ब्यूटनर यांनी याच मुद्द्यावर लॉस एंजेलस शाळा जिल्ह्याविरुद्ध दावा दाखल केला. जिल्ह्याने आरोप नाकारले.

मर्यादा

अनुदान राज्याच्या शालेय निधीशी जोडलेले असल्याने त्याची रक्कम दरवर्षी बदलते. बहुतांश रक्कम वेतनावर खर्च करायची असल्यामुळे या चढउतारांचा परिणाम कायमस्वरूपी नेमणुकांच्या नियोजनावर होतो. पात्र कलाशिक्षक मिळणे, हीदेखील अंमलबजावणीतील एक अडचण आहे.