मनोलय

मनोलय म्हणजे विचारांची हालचाल काही काळ थांबून मन निश्चल होण्याची अवस्था होय. जप, प्राणायाम, मौन किंवा ध्यान यांच्या अभ्यासाने ती साधते. या अवस्थेतून कायमची शांती लाभते काय, हा भारतीय तत्त्वज्ञानातील जुना प्रश्न आहे.

तात्त्विक भूमिका

पतंजलीच्या योगसूत्रांत चित्तवृत्तींचा निरोध अशी योगाची व्याख्या असून त्यासाठी अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय सांगितले आहेत. वृत्ती शमल्या तरी संस्कार उरतात, हेही तेथे मांडले आहे. रमण महर्षींनी 'उपदेशसार' या रचनेत मनाचा लय आणि मनाचा नाश असा भेद केला आहे. लय पावलेले मन पुन्हा उठते. नाश पावलेले उठत नाही. बौद्ध परंपरेनुसार सिद्धार्थ गौतमांनी आलार कालाम व उद्दक रामपुत्त या गुरूंकडून ध्यानाच्या अतिसूक्ष्म अवस्था आत्मसात केल्या. तथापि त्यांनी दुःखाचा अंत होत नाही, असे आढळल्यावर ते पुढील शोधास निघाले.

नाशिक परिसरातील साधना

समर्थ रामदासांनी नाशिकजवळील टाकळी येथे बारा वर्षे तपश्चर्या केली, अशी परंपरा आहे. त्यांच्या 'मनाचे श्लोक' या २०५ श्लोकांच्या रचनेत मनाला गप्प करण्यापेक्षा समजावून वळण लावण्यावर भर आहे.

नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी येथे सत्यनारायण गोयंका यांनी स्थापन केलेल्या धम्मगिरी केंद्रात १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे भरतात. दहा दिवसांच्या शिबिरात आरंभी साधक मौन पाळून नैसर्गिक श्वासाकडे लक्ष देतात. यास आनापान म्हणतात. त्यामुळे मन एकाग्र होते. परंतु ही केवळ पूर्वतयारी असते. चौथ्या दिवसापासून शरीरातील संवेदनांचे तटस्थ निरीक्षण सुरू होते. बसून गुडघा दुखू लागल्यास वेदनेचा तिटकारा न करता तिचे बदलते रूप पाहावे, अशी शिकवण असते. सुखद संवेदनेचीही आसक्ती धरू नये, असे सांगितले जाते. येथे निर्विचार अवस्थेपेक्षा समता महत्त्वाची मानली जाते.

मर्यादा

विचारांचा अभाव हीच शांती मानल्यास गाढ झोपेलाही शांती म्हणावे लागेल. झोपेत कर्जाची चिंता नसते. जाग येताच ती परत येते. म्हणून साधनेची खरी कसोटी आसनावर नव्हे, तर अपमान, नुकसान व आजारपणाच्या प्रसंगी लागते. मनोलयाने मिळणारी विश्रांती उपयुक्त असली, तरी आसक्ती व द्वेष क्षीण झाल्याखेरीज शांती टिकत नाही, यावर वरील परंपरांचे बव्हंशी एकमत दिसते.

विचार शांत करणे म्हणजे विवेक सोडणे नव्हे. तसेच दीर्घ ध्यानात काही व्यक्तींची अस्वस्थता वाढू शकते. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी अशी साधना वैद्यकीय सल्ल्यानेच करावी. ध्यान हा औषधोपचारांना पर्याय नाही.